सिंधूअक्का, मुक्काम सावदा

रविवार, ४ फेब्रुवारी १९९०. दुपारी तीन. पिंप्राळा, इंदूताईंचं घर, पुढची खोली. हजर: इंदूताई; त्यांच्या सासूबाई भागीरथीअक्का, माहेर सावदा; लीला, माझ्यापासून तिसऱ्या घरातली, नव्यानेच लग्न होऊन माहेरपणाला आलेली; मी, कुमुद, शाळेत लिपिक, मंडळाची कार्यवाह; शिवाय चौदा जणी. प्रमुख पाहुण्या: लेखिका सिंधूअक्का, सावदा. गैरहजर. त्यांच्या वतीने आलेले: त्यांचे धाकटे बंधू मुरलीधर, धुळे.

ही नोंद माझ्याच अक्षरातली आहे आणि तिच्यात एक चूक आहे. शेवटच्या दोन नावांची मी दोन माणसं धरली. माणूस एकच होता.

या मुरलीधरविषयी चांगलं लिहावं असं मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी लिहिणारही नाही. तोंडावर मी त्याला भाऊ म्हणत असे. इथे तो.

धुळ्याहून एक साप्ताहिक निघायचं. शुक्रवारी दुपारच्या एसटीने त्याचे गठ्ठे जळगावला यायचे. बाजारभाव, बदल्या, निधनवार्ता, आणि शेवटच्या पानावर सिंधूअक्कांची क्रमशः कादंबरी. सावद्याच्या एका केळीवाल्याच्या घरातली सून कावेरी, तिची सासू, तिचा नवरा, आणि दर आठवड्याला ऐन मोक्यावर तुटणारा भाग. कादंबरीखाली चौकट असायची: ‘कावेरीने पुढे काय करावं? अक्कांना कळवा.’ आम्ही कळवायचो. पोस्टकार्डं लिहून लिहून बायकांची बोटं दुखायची. आणि विशेष म्हणजे प्रत्येकीला उत्तर यायचं. जांभळी शाई, डावीकडे कललेलं अक्षर, वर सावद्याच्या टपालाचा शिक्का, खाली ‘तुमचीच अक्का’.

हळूहळू अक्का आम्हाला पाठ झाल्या. लहान वयात विधवा. डावखुऱ्या, म्हणून शाळेत मार खाल्लेल्या. गुडघे धरलेले, त्यामुळे प्रवास बंद. वांग्याचं भरीत आवडायचं, पण पचायचं नाही. एकीच्या पत्रात मुलाच्या कानाचं दुखणं असलं, तर दोन महिन्यांनी अक्का विचारायच्या, ‘बाळाचा कान काय म्हणतो?’ सख्खी नणंद विचारत नाही ते पोस्टकार्डावरची ही बाई विचारायची. त्यातूनच वाचक मंडळ निघालं. वही मी घातली: क्रमांक, नाव, गाव, पत्र पाठवल्याची तारीख, उत्तर आल्याची तारीख. बघता बघता पिंप्राळ्याबाहेरचीही नावं आली.

मग आम्ही अक्कांचा सत्कार ठरवला. लुगडं आणलं, नारळ आणला, हार-फुलं मांडली. आणि दारात उभा राहिला बुटका, मिशांना कलप लावलेला, काखेत कापडी पिशवी धरलेला मनुष्य.

“मी अक्काचा भाऊ. अक्काला येता आलं नाही.”

बायका हिरमुसल्या. इंदूताईंनी तरी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. तो बसून राहिला. एकेक बाई उठून अक्कांविषयी बोलत होती, काहींचे डोळे भरून येत होते, आणि हा चहाच्या बशीत बघत मान डोलवत होता. मला तेव्हा वाटलं, बहिणीवर किती जीव आहे याचा. आता आठवलं की त्या बशीसकट तो दिसतो. स्वतःचं कौतुक बहिणीच्या नावावर ऐकत बसलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

भागीरथीअक्का कोपऱ्यात पाटावर होत्या. त्यांनी विचारलं, “काय झालं व माय तिले?”

मुरलीधर बेसावध होता. तोंडात चिवडा होता. म्हणाला, “ताप शे तिले. बठ्ठं आंग दुखस.”

भागीरथीअक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे.

बाहेरच्या माणसाला यात काही दिसणार नाही. पण आमच्याकडे ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ म्हणतात ते धुळ्याकडे. सावदा आमच्या जळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तिथली बोली वेगळी. महिन्यापूर्वीच कादंबरीतली सासू कावेरीला म्हणाली होती, ‘बठ्ठं काम पडेल शे.’ ते मी वाचून दाखवल्यावर भागीरथीअक्का फणकारल्या होत्या, “आमच्या सावद्याले ‘शे’ कोन म्हन्ते? आमी ‘हाये’ म्हन्तो. सावद्याची बाई ‘शे’ म्हनीन? जीभ झडीन तिची!” तेव्हा मी छापणाऱ्याची चूक समजले. आता बहीण तेच लिहिते आणि भाऊ तेच बोलतो.

लुगडं आणि नारळ तो पिशवीत घालून घेऊन गेला.

मार्चमधल्या एका सुट्टीला मी धुळ्याची गाडी पकडली. साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे जुळवणारा गृहस्थ भेटला. म्हटलं, “सिंधूअक्कांचा सावद्याचा पत्ता हवा होता.”

तो मान वर न करता म्हणाला, “अक्का आता घरीच सापडतील. देवपुरात. आज कचेरीला सुट्टी आहे ना त्यांच्या.”

“कचेरी?”

तेव्हा त्याने मान वर केली आणि जीभ चावली. पण पत्ता दिला.

दोन खोल्यांचं घर होतं. मुरलीधरच्या बायकोने दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर ती बाई खळखळून हसली, मग एकदम थांबली. “तुम्ही बी त्या मंडळातल्या का?” म्हणाली. “बसा. चाळीस बायांची अक्का झालेत हे. मला घरात ‘ए’शिवाय हाक नाही. एकदा म्हटलं, माझ्याही नावाने टाका एक कार्ड सावद्याहून. निदान पोस्टमन तरी माझं नाव घेईल. तर म्हणाले, तू कुठे वाचक आहेस?”

मुरलीधर आतून बनियनवर आला. मला बघून दचकला, पण पळाला नाही. शर्ट घालून आला, समोर बसला आणि दहा मिनिटांत आपला सगळा कारखाना मला दाखवू लागला. त्याला इतक्या दिवसांत दाखवायला कुणी मिळालंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

तो एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. आलेल्या टपालाला क्रमांक द्यायचा, नोंद करायची, पुढे पाठवायचं. घरीही त्याने तेच केलं होतं. आमचं प्रत्येक पत्र आवक क्रमांकासह गठ्ठ्यात बांधलेलं. एक वेगळी वही फक्त अक्कांची: त्यांना काय आवडतं, काय दुखतं, कोणत्या वर्षी काय झालं. कारण, तो म्हणाला, “खोटं बोलणाऱ्याला दप्तर चोख लागतं, ताई.” अक्कांची कार्डं तो डाव्या हाताने लिहायचा. दोन महिने पाटीवर सराव केला होता त्याने. लिहून झालेली कार्डं धुळे-रावेर गाडीच्या एका ओळखीच्या कंडक्टरकडे द्यायची, तो ती सावद्याच्या पेटीत टाकायचा. म्हणून शिक्का सावद्याचा.

कामाची शिस्त मला कळते. ती पाहून मी क्षणभर भारावले, हे कबूल करते. मग गठ्ठ्यातलं एक पत्र हातात घेतलं. आमच्याच इंदूताईंचं, नवऱ्याने बोलणं टाकल्याबद्दलचं. त्यावर आडवा, लाल शाईत, उजव्या हाताच्या कारकुनी अक्षरात शेरा होता: ‘वापरले. भाग ९.’

“हे काय?”

“निकाली काढलेलं टपाल.” तो म्हणाला. “नाहीतर एकच गोष्ट दोनदा वापरली जाते.”

“बायका जीव ओतून लिहितात, भाऊ.”

“म्हणून तर वापरता येतं.”

मी म्हटलं, “पुढच्या रविवारी मी मंडळात सगळं सांगणार.”

त्यावर तो रागावला नाही, विनवण्याही केल्या नाहीत. शांतपणे म्हणाला, “सांगा. मग काय होईल? बाया लिहिणं बंद करतील. मुरलीधर कारकुनाला कोण बाई नवऱ्याचं लिहिणार आहे? बरं, घरात त्यांचं कोण ऐकतं? आणि तुमची ती वही? ताई, तुमची यादी म्हणजे माझं गाव आहे. गाव उठवायचं असेल तर उठवा.”

परतीच्या गाडीत मी ठरवलं, आत्ता नको. कारणं मी स्वतःला तीन-चार दिली. खरं कारण वहीत होतं. चाळीसच्या वर नावं, सरळ रेघा, एकही खाडाखोड नाही. माझ्या आयुष्यात एवढी माणसं मी कधी जमवली नव्हती.

मे महिन्यात लीला पुन्हा माहेरी आली. तिचं सासर सावद्याजवळच्या एका खेड्यात. दहावीला चांगले गुण होते आणि लग्नाआधी भरलेल्या अर्जावर धुळ्याला परिचारिकेच्या प्रशिक्षणाला तिचा नंबर लागला होता. सासरी सांगायची सोय नव्हती. तिथे सुनेने शेजारी जायचं तर सासू कारण विचारायची. आईला सांगावं तर आई रडायची. ती माझ्याकडे आली. शाळेत निकालाचे दिवस होते, निकालपत्रकांचा ढीग मी घरी आणला होता.

ती म्हणाली, “कुमुदताई, अक्कांना लिहू का? त्या सांगतील ते करीन.”

मी मान वर केली नाही. “लिही की,” म्हटलं.

माझ्याच स्वयंपाकघरात बसून तिने आंतरदेशीय पत्र लिहिलं. मंडळाच्या वहीत तिचा क्रमांक सत्तावीस. चार-पाच दिवसांनी माझ्या पत्त्यावर जांभळं उत्तर आलं: ‘जा पोरी. थोरल्या बहिणीने सांगितलं असं समज आणि जा.’ लीलाने ते कार्ड कपाळाला लावलं. मी बघत होते.

तिचा बेत असा होता. गुणपत्रक आणि प्रवेशाचं पत्र तिने गोधडीच्या अस्तरात शिवून ठेवलं होतं. प्रवेशाच्या तारखेआधी येणाऱ्या बाजाराच्या दिवसाला दोन-तीन दिवस असताना मंगळसूत्राचा दोरा आपणच कापायचा. तुटलं म्हणायचं. ते ओवून आणायला सुनेला सावद्याला एकटीने जाऊ देतात, कारण मोकळ्या गळ्याने सून घरात फिरलेली कुणालाच खपत नाही. सावद्याहून धुळ्याची गाडी धरायची. हे सगळं तिने अक्कांना बारीकसारीक लिहिलं होतं. थोरल्या बहिणीपासून काय लपवायचं?

जूनमधल्या एका शुक्रवारी त्रेपन्नावा भाग आला.

पुढचं मला लीलानेच सांगितलं, वर्षभराने, डोळ्यांत पाणी न आणता. सासूबाईंना वाचता येत नसे, पण अक्कांची गोष्ट त्या सोडत नसत. दर शुक्रवारी दुपारी शेजारणी जमायच्या आणि लीला वाचून दाखवायची. त्या दिवशी तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. दोरा आदल्या दिवशी ‘तुटला’ होता, मणी वाटीत काढून ठेवले होते. ती वाचू लागली. दुसऱ्या परिच्छेदात कावेरीने विळ्याने दोरा कापला. लीलाला कळेना आपण काय वाचतोय. थांबावं तर सगळ्या म्हणाल्या, “वाच ना व, काय झालं?” मनचं काही घालावं तर नणंद खांद्यावरून अक्षरांवर बोट फिरवत होती. मग कावेरीने कागद गोधडीत शिवले. तेही लीलाने वाचलं. स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने.

सासूने तिच्या गळ्याकडे बघितलं, मग वाटीकडे.

“थांब,” म्हणाली. “गोधडी आन.”

कागद चुलीत गेले. दोरा सासूनेच घरी ओवला. प्रवेशाची तारीख निघून गेली.

लीलाच्या धाकट्या भावाकडून बातमी कळली त्याच दिवशी मी रजा टाकून धुळ्याला गेले. मुरलीधर कचेरीच्या बाहेर पानटपरीजवळ भेटला. मी रस्त्यातच बोलायला लागले. त्याने ऐकून घेतलं.

“तिला मी ‘जा’च म्हटलं होतं की,” तो म्हणाला. “कार्ड बघा.”

“तुम्ही तिचं सगळं छापलंत!”

“नाव बदललं. गाव बदललं.”

“गोधडी का नाही बदललीत?”

तो माझ्याकडे असा बघू लागला की जणू मी शाळेतली ढ मुलगी. “गोधडी बदलली तर गोष्ट काय राहते, ताई?” म्हणाला. आणि वर, “त्या भागाला आजवरची सगळ्यात जास्त पत्रं आलीत.”

तेवढ्यात त्याच्या कचेरीतला कुणी सहकारी आला आणि हा त्याच्याशी बदल्यांविषयी बोलू लागला. मी तिथेच उभी. याहून जास्त राग मला आयुष्यात कुणाचा आलेला नाही.

पुढच्या रविवारी मंडळात मी सगळं सांगितलं. अक्का बाई नाहीत, सावद्याच्या नाहीत, गुडघे दुखत नाहीत. लीलाचंही सांगितलं. फक्त मला मार्चपासून ठाऊक होतं, एवढं सांगितलं नाही. दोघी रडल्या. इंदूताईंनी साप्ताहिक फाडलं. मला वाटलं, मंडळ बुडालं. पण पुढच्याच आठवड्यात काही जणींना जांभळी कार्डं आली आणि त्यांनी ती लपवली नाहीत.

मी भागीरथीअक्कांना म्हटलं, “तुम्ही तरी! तुम्हीच ‘शे’ पकडलं होतं.”

“बाप्या असन त असो,” त्या म्हणाल्या. “माह्या गुडघ्याचं कोनी इचारते का इथी? तो इचारते.”

मुरलीधर मला म्हणाला होता की गाव उठेल. उठलं नाही. निम्मं गाव तिथेच राहिलं, उठून गेले ती मीच. वही मी बंद केली. त्याची कादंबरी आणखी दोनेक वर्षं चालली. कावेरी धुळ्याला गेली, शिकली, परिचारिका झाली. वाचकांनी तिच्या नावाने पेढे वाटले म्हणतात. लीला सासरी होती.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मुरलीधरच्या बायकोचं पत्र आलं. तिने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. साप्ताहिक बंद पडलं, त्याला पक्षाघाताचा झटका आला, घरात पत्रांचे गठ्ठे आहेत, रद्दीत घालवत नाही, तुम्ही घेऊन जाल का? मी गेले. त्याला भेटायला नव्हे, पत्रं आणायला.

उजवी बाजू गेली होती. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, जीभ जड. खाटेवर बसवलं होतं आणि मांडीवर पाटी होती. बायको म्हणाली, “यांचं बोललेलं कुणाला समजत नाही, पाटीवर लिहितात. डाव्याने. आता सहीसुद्धा अक्काच्या अक्षरात होते, तर बँकेत मानत नाहीत.” यावेळी ती हसली नाही. “बघा ना बाई, मुरलीधर गेले अन् अक्का तेवढी राहिली.”

गठ्ठे तिने काढून दिले. मी तिथेच जमिनीवर बसून मोजणी करायला घेतली, आवक क्रमांकाप्रमाणे. तो बघत होता. लीलाचं आंतरदेशीय पत्र सापडलं. त्यावर लाल शाईत, ठसठशीत: ‘वापरले. भाग ५३.’

पाटीवर खडू वाजला. त्याने पाटी माझ्याकडे वळवली. डावीकडे कललेलं तेच अक्षर, ज्याला आम्ही चाळीस जणी भुललो होतो. लिहिलं होतं:

‘लीला कशी शे?’

तो वाट बघत होता. त्याच्या बायकोने पाटी वाचली नाही, तिला वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, “काय म्हणतात?” मी म्हटलं, “काही नाही.” पिशव्या उचलल्या आणि बाहेर पडले. त्याने पाटी तशीच माझ्या दिशेने धरून ठेवली होती. तेच त्याचं शेवटचं दर्शन. त्या पावसाळ्यात तो गेला, मी गेले नाही.

पत्रं मी परत करायला घेतली. जुनी वही काढली, शेवटचा एक रकाना आखला: ‘पत्र परत’. जवळची हातोहात दिली, लांबची टपालाने पाठवली. इंदूताईंनी आपलं न वाचता बंबात घातलं. भागीरथीअक्का तोवर गेल्या होत्या, त्यांच्या नावाची नऊ पत्रं इंदूताईंनीच घेतली आणि ती मात्र जपून ठेवली. रकान्यात एकेक खूण होत गेली.

लीला अजूनही दर मे महिन्यात माहेरी येते. वर्षभराने सगळं सांगितलं त्या दुपारी तिने उठता उठता मला विचारलं होतं, “ताई, तो बाप्या आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का हो, मी लिहिलं तेव्हा?” मी “नाही” म्हणाले होते. तिने विश्वास ठेवला. माझं पत्र त्याच्याकडून तेवढं परत आणा, म्हणाली होती.

पत्र माझ्या कपाटात आहे. त्यावरचा लाल शेरा मी एकदा रबराने खोडायला गेले. शाई गेली नाही, कागद विरला. आता तो तसा देता येत नाही आणि दिला तर त्यासोबत दुसरीही गोष्ट सांगावी लागेल.

आज ती आली आहे. सकाळी फाटकावरून हाक मारून गेली, “कुमुदताई, आहात ना घरी?” वही समोर उघडी आहे. क्रमांक सत्तावीस, लीला, पत्र परत: रकाना कोरा.